मीटर हातात आला म्हणजे विज्ञान आलं असं नाही: या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या दारावरच्या बेलला उसंत नसते. नेरूळच्या या सोसायटीत मी ‘लॅबवाल्या काकू’. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये २८ वर्षं ब्युरेटसमोर उभी होते. त्यामुळे शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की पोरं आपापले प्रकल्प घेऊन येतात, मागून त्यांचे आईबाबा येतात, आणि हल्ली कमिटीतले लोकही येतात. हवा खराब आहे का, पाणी चांगलं आहे का, गणपतीत डीजे किती डेसिबल होता. वाक्य ठरलेलं असतं : ‘काकू, जरा सायंटिफिकली सिद्ध करून द्या ना.’

या ‘सिद्ध करून द्या’पाशीच माझं डोकं फिरतं. काय सिद्ध करायचं ते घरून ठरवून आणलेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. दरवर्षी युनिफॉर्म बदलतात, चुका त्याच राहतात. म्हणून एकदाच लिहून काढते. पुढच्या वेळी दारातच हातात देता येईल.

उत्तर आधी, मोजणी मागाहून

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. त्यामुळे जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी आमच्या क्लबहाउसमध्ये पाणी शुद्ध करायची मशीनं विकणारा एक माणूस आला. टेबलावर दोन ग्लास. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. मग त्याने पिशवीतून एक काळी डबी काढली. खाली धातूच्या चार कांड्या, वर प्लगची वायर. दोन कांड्या एका ग्लासात, दोन दुसऱ्यात, आणि बटण चालू. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळट झालं, मग हिरवट, मग तांबूस, आणि तीन मिनिटांत वर फेस आणि खाली चिखल. त्याच्या मशीनचं पाणी जसंच्या तसं. ‘हे तुम्ही रोज मुलांना पाजता,’ तो म्हणाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर पदर घेतला. हप्त्याची चौकशी सुरू झाली.

मी वॉचमनला खालच्या वडापावच्या गाडीवर पिटाळलं आणि चिमूटभर मीठ आणवलं. ते त्याच्या ‘शुद्ध’ ग्लासात टाकलं, पेनाने ढवळलं आणि म्हटलं, आता लावा. त्याने आढेवेढे घेतले, पण लोक बघत होते. दोन मिनिटांत तो ग्लास पहिल्यापेक्षा घाण. कारण साधं आहे. कांड्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गाळ पाण्यात उतरतो. घाण पाण्यातली नाही, कांडीची. त्याच्या मशीनच्या पाण्यात क्षारच उरलेले नव्हते, म्हणून वीज वाहिली नाही आणि ग्लास नितळ राहिला. माणसाने सामान गुंडाळलं.

महिनाभर मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगत फिरले. एका संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, ‘त्याचा खेळ खोटा होता ते दाखवलंत. पण आपलं पाणी चांगलं आहे, हे कुठे दाखवलंत?’ मला राग आला. म्हटलं, मोरबे धरणाचं पाणी आहे, पाण्यात विरघळलेले क्षार सांगणारा माझा टीडीएस मीटर ७८ दाखवतो, अजून काय हवं?

त्या जुलैत बी विंगमध्ये जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पहिल्या दोन घरांनी पाणीपुरीवर ढकललं. सहावं घर आजारी पडलं तेव्हा मी इमारतीचं चित्र काढून एकेक फ्लॅट रंगवायला बसले. सगळे बी विंगमधले, आणि एक मुलगा मात्र ए विंगमधला. तो एक माझ्या डोळ्यांत खुपत राहिला. त्याच्या आईला विचारलं तर तो रोज चार ते सहा बी विंगमध्ये ट्यूशनला जायचा. ‘पाणी तिथेच पितो हो, बाटली नेतच नाही कधी.’

मग ओटीची बाटली काढली. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. नळाच्या पाण्यात दोन-चार थेंब टाकायचे, क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. ए विंगचं पाणी छान पिवळं झालं. बी विंगचं नुसतं पाण्यासारखं. क्लोरीन कुठेतरी खर्ची पडत होता. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, कॉलिफॉर्म निघाले, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण असलेले जिवाणू. बी विंगची अंडरग्राउंड टाकी उपसल्यावर भिंतीला बोटभर चीर दिसली, आणि तिच्या पलीकडे ड्रेनेजचं चेंबर. पावसात ते तुंबायचं आणि आत झिरपायचं.

त्या दिवशी त्या पाण्याचा टीडीएस ८४ होता!

मीटरची यात काही चूक नाही. तो पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतो आणि ठरलेल्या आकड्याने गुणून पडद्यावर दाखवतो. त्यातून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण त्याच मानकात ई. कोलाय हा जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये असंही आहे, आणि ते या मीटरला दिसत नाही. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ज्या मीटरचा सगळ्यात छोटा आकडा १ आहे त्याला ते काय कळणार? टायफॉइड झालाय का बघायला वजनकाट्यावर उभं राहावं, तसं मी केलं होतं.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. पटो न पटो. शंभर पानी साधी वही. काही मोजायच्या आधी त्यात दोन ओळी, पेनाने. पहिली : मला काय वाटतं. दुसरी : काय दिसलं तर मी हे वाटणं सोडून देईन. दुसरी ओळ सुचली नाही तर मीटरला हात लावायचा नाही. मुलांना ही दुसरी ओळ भयंकर जड जाते. मोठ्यांना त्याहून. एका वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं, ‘असं काही दिसणारच नाही.’ मग मोजताय कशाला?

ज्यांनी उत्तर दिलं तेच जग समजणं

पाण्याचं परवडलं, माणसं मोजणं त्याहून अवघड. पाण्याचा नमुना निदान लाजत नाही.

नववीतल्या तीन मुली डेंग्यूचा सर्व्हे घेऊन आल्या. सोसायटीच्या ग्रुपवर फॉर्म टाकला होता. फ्लॅट २४०, उत्तरं ४१, त्यात १६ जणांनी घरात कुणालातरी डेंग्यू होऊन गेल्याचं लिहिलेलं. लगेच रंगीत चार्ट तयार : ‘आपल्या सोसायटीत ३९ टक्के कुटुंबांना डेंग्यू’. खाली निष्कर्ष : ‘बाहेरच्या वस्तीतून कामाला येणाऱ्या लोकांमुळे रोग पसरतो.’

मी विचारलं, हे दुसरं कुठून आलं? फॉर्ममध्ये तर असा प्रश्नच नाही. तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. ‘बाबा म्हणाले.’

आधी टक्क्यांचं बघू. ग्रुपवर फॉर्म आला की कोण भरतं? ज्याच्या घरात डेंग्यू झालाय तो, कारण त्याला सांगायचंय. बाकीचे १९९ ‘नंतर भरू’ म्हणतात आणि गुड मॉर्निंगचं फूल पाठवतात. म्हणजे ३९ हा सोसायटीचा आकडा नाही, फॉर्म भरण्याइतपत ज्यांना पडलेली आहे त्यांचा आहे. वॉचमन, घरकामाच्या बायका, शेजारच्या बांधकामावरचे मजूर यांना तर कुणी विचारलेलंच नव्हतं. निष्कर्ष मात्र त्यांच्यावरच.

मी चार्ट बाजूला ठेवायला लावला आणि प्रत्येकीला एक टॉर्च आणि एक पांढरी वाटी दिली. डेंग्यूचा एडिस डास गटारात अंडी घालत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, चावतो दिवसा, आणि जन्मला तिथून फार लांब उडत नाही. तेव्हा घरोघर जा आणि साठलेलं पाणी शोधा, फॉर्म भरलेल्यांकडेही आणि न भरलेल्यांकडेही. प्रत्येक पाचव्या फ्लॅटची बेल वाजवायची. दार उघडलं नाही तर संध्याकाळी परत जायचं, शेजारच्या दाराला ‘त्यापेक्षा हे बरं’ म्हणायचं नाही. हा शेवटचा नियम त्यांना फार जाचला. चार दिवस लागले, आणि चार दिवस एका कामाला लागतात हेच मुळी या पोरींना नवीन होतं.

अळ्या निघाल्या त्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत, आणि सगळ्यात जास्त मनी प्लांटच्या काचेच्या बाटल्यांत. सातव्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशी मला नंतर म्हणाल्या, ‘ताई, त्या बाटल्यांत वळवळताना मी रोज बघते. पाणी बदलते म्हटलं तर मॅडम म्हणतात मुळं मोडतील, हात लावू नको.’ पहिल्या दिवशी त्यांनाच विचारलं असतं तर फॉर्मसुद्धा लागला नसता.

तिघींपैकी एकीच्या स्वतःच्या घरातल्या बाटलीत अळ्या होत्या. ती आकडा गाळू या म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने ठेवला, आणि तिच्या आईने पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

तुलनेला काहीच न ठेवणं

‘एका तुळशीला गोमूत्र घातलं, दोन महिन्यांत दुप्पट झाली.’ जूनमध्ये लावली होती का? पावसाळ्यात काय वाढत नाही! शेजारी नुसत्या पाण्यावरची तुळस कुठे आहे?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बॉलिक आम्लाने धुऊन काढली, घरं उकरली. मेहनत प्रचंड, पण रोग घाणीच्या वासात नव्हता, उंदरांवरच्या पिसवांत होता. तो धागा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत पकडला. याच काळात हाफकिन या जीवाणूशास्त्रज्ञाने प्लेगची लस बनवली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. तुरुंग का, ते मुलांना नीट सांगावं लागतं. लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच छताखाली, एकच जेवण जेवणारे. फरक पडला तर तो कशाने पडला, हे बोट ठेवून सांगता येतं. आज तसा प्रयोग कैद्यांवर करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊ नये. पण तुळशीची दुसरी कुंडी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

एका जागचा आकडा सगळ्या गावाला

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि कुलाब्याला ७३.४. एकच शहर. एवढं लक्षात ठेवलं तरी ‘ॲपवर एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) १६० दाखवतोय, म्हणजे आमच्या गॅलरीत १६०’ असं म्हणताना जीभ चाचरेल. ॲपमधला आकडा कुठल्या केंद्राचा, ते आधी बघा. आपल्याकडचा अधिकृत एक्यूआय बहुतेक प्रदूषकांच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तेव्हा रात्री अकराला एमआयडीसीकडून वास आला म्हणून पाच मिनिटांत त्यावर काही दिसेल, ही अपेक्षा सोडा. वासाची वेळ, वाऱ्याची दिशा आणि तारीख वहीत लिहा. महिनाभराची अशी पानं तक्रारीला जोडली की समोरच्याला उडवून लावणं जड जातं.

पाऊस मोजायला बादली ठेवू नका, ती वर रुंद आणि खाली निमुळती असते. सरळ भिंतीचं भांडं घ्या, टाकीच्या आडोशाला ठेवू नका, आणि हवामान खात्यासारखं रोज सकाळी साडेआठलाच मोजा. नवाला उठलात तर नऊ लिहा. साडेआठ लिहू नका.

फ्लेमिंगो आले, म्हणजे खाडी स्वच्छ

नाही. ठाणे खाडीत येणाऱ्या छोट्या फ्लेमिंगोंचं मुख्य खाणं शेवाळवर्गीय सूक्ष्मजीव. त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातल्या रंगद्रव्यांचा. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर हे शेवाळ फोफावतं. म्हणजे पक्ष्यांची गर्दी बघून खाडी शुद्ध झाली असं म्हणता येत नाही. आणि म्हणून सांडपाणी सोडत राहा, असंही त्यातून निघत नाही. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम लिहिते, कारण पाम बीच रोडला कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला तेच ऐकवलं होतं. अभयारण्य २०१५ चं, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव २०२२ ला आलं. या तारखा पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट नव्हेत.

किरकोळ, पण दर वर्षी होणाऱ्या

फोनवरच्या डेसिबल ॲपचा आकडा पोलिसांपुढे नाचवू नका. आणि ८० डेसिबलचे दोन स्पीकर मिळून १६० होत नाहीत, साधारण ८३ होतात.

नको असलेलं रीडिंग खोडू नका. ए विंगमधला तो मुलगा मी ‘अपवाद’ म्हणून सोडून दिला असता तर पाण्यापर्यंत पोचायला अजून आठवडा गेला असता.

‘नासाने सांगितलंय’ हे वाक्य माझ्या घरात चालत नाही.

समोरच्याला येडं ठरवणं

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय म्हणून देवळांसमोर रांगा. आमच्या सासूबाई चमचा आणि वाटी घेऊन दोन तास उभ्या राहून आल्या, चेहरा उजळलेला. मी कंपनीतून आले होते, सगळं माहीत असलेली. पृष्ठताण, केशाकर्षण, ओल्या दगडावरून खाली ओघळणारा दुधाचा पातळ पापुद्रा, सगळं एका दमात ऐकवलं, वर हसले. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंगीत दूध पाजून ते मूर्तीवरून कसं ओघळतं ते दाखवलंय, हेही नंतर ऐकवलं. सासूबाई जेवल्या नाहीत.

दोन दिवसांनी अक्कल आली. पाट्यावरचा वरवंटा धुऊन उभा केला, चमचाभर दूध त्यांच्या हातात दिलं आणि काही न बोलता बाजूला झाले. चमचा वरवंट्याला टेकवला, दूध गेलं. त्यांनी पाच वेळा करून पाहिलं. मग वरवंट्याच्या बुडाशी बोट फिरवून ओल बघितली आणि म्हणाल्या, ‘खाली उतरतंय गं.’ जरा थांबून म्हणाल्या, ‘पण देव काय वरवंट्यात नसतो असं थोडंच आहे?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते असायची गरजही नव्हती. दूध कुठे जातं एवढ्याच प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय, ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलं. पोरं ते भाषणात घेतात आणि मग समोरच्याला अडाणी म्हणतात. त्याच वाक्यात शोधक बुद्धी आणि मानवतावादही आहे, तेवढं वाचायचं राहून जातं.

घाई

शॉर्टकटवर मला पुष्कळ बोलता येईल, पण एकच प्रसंग सांगते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही. जुलैत ढग, म्हणून मे गाठायचा. गेल्या मेमध्ये सात पोरं गच्चीवर पीव्हीसी पाइपचा तुकडा ओळंब्याने सरळ उभा करून बसली. बाराच्या ठोक्याला बघितलं तर सावली होती. तिघं म्हणाली, ‘फेक आहे.’ मी सांगत होते की घड्याळातले बारा म्हणजे आपले बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७३ च्या आसपास, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साधारण ३८ मिनिटं उशीर. मेमध्ये सूर्य तीन-चार मिनिटं पुढे असतो ती वजा करा, १२ वाजून ३५ होतात. कोण ऐकतंय? ऊन तापलं होतं, खाली कुणाचा तरी वाढदिवस होता.

एक जण राहिला. पाण्याच्या बाटल्या सांभाळायला ठेवलेला, सहावीतला. करायला काही नाही म्हणून तो दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत बसला. १२:३५ ला पाइपभोवती सावलीची रेघसुद्धा नव्हती. त्याने कठड्यावरून हाका मारल्या, वर कुणी आलं नाही. त्या खुणा त्याने नंतर कागदावर उतरवल्या, तो कागद माझ्या वहीत आहे. बाकीच्या सहा जणांनी प्रकल्पात यूट्यूबवरचा फोटो चिकटवला. त्यांचा शाळेत दुसरा नंबर आला.